चढण्याआधी उतरण्याची तजवीज : प्रस्तावना

वैशाख सरत येऊन रोहिणी नक्षत्र लागण्याच्या सुमारास ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही नगरांत वृक्षांविषयी जी एकाएकी आस्था उत्पन्न होते, ती पाहून परक्या इसमास असे वाटावे की, येथील नागरिक मोठे वृक्षप्रेमी असले पाहिजेत. परंतु ही आस्था प्रेमापेक्षा भयातून जन्मलेली असते. पहिल्या वळवाच्या सरीबरोबर नौपाड्यातल्या गल्लीत गुलमोहराची फांदी उभ्या मोटारीवर कोसळेल, डोंबिवलीच्या एमआयडीसी निवासी विभागात पर्जन्यवृक्ष विजेच्या तारा घेऊन खाली येईल, कल्याणच्या रामबागेत जुन्या वाड्याच्या परसातला माड शेजारच्या गच्चीवर झुकेल, या धास्तीने महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्जांची रीघ लागते, गृहनिर्माण संस्थांच्या सभांत ठराव होतात, आणि पुढे कित्येक दिवस सकाळपासून करवतीचा आवाज ऐकू येत राहतो. त्या आवाजाच्या दिशेने मान वर करून पाहिले, तर जमिनीपासून पंचवीस-तीस फुटांवर एका हाताने फांदी धरून दुसऱ्या हाताने ती तोडणारा एक मनुष्य दिसतो. पायांत रबरी चप्पल, किंवा तीही नाही. कमरेला असलाच तर एक दोर, आणि तो दोर त्या मनुष्याला सावरण्यासाठी आहे की तोडलेली फांदी खाली सोडण्यासाठी, हे खालून सांगता येत नाही. पुष्कळदा वर असलेल्यानेही ते ठरवलेले नसते.

हा मनुष्य प्रस्तुत पुस्तिकेचा विषय आहे. तो पडू नये म्हणून काय करावे, याविषयी चार शब्द कोणीही सांगू शकतो. पण तो न पडता वरच जायबंदी झाला, दोरात लोंबकळत राहिला, विजेचा धक्का बसून फांदीच्या बेचक्यात अडकला, तर त्याला खाली कोणी, कशाने आणि किती वेळात आणायचे, हा प्रश्न विचारला की मुकादमापासून संस्थेच्या चिटणिसापर्यंत सर्वांच्या मुद्रेवर एकच उत्तर उमटते, आणि ते उत्तर म्हणजे अग्निशमन दलाचा दूरध्वनी क्रमांक. ते उत्तर अपुरे का आहे, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना थोडी लांबली, तर वाचकांनी क्षमा करावी.

या मनुष्याची पहिली गाठ ज्या कायद्याशी पडते, तो कायदा झाडाचा आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये प्रत्येक महापालिकेत वृक्ष प्राधिकरण असते, आयुक्त त्याचे अध्यक्ष असतात, वृक्ष अधिकारी नेमलेला असतो. झाड तोडावयाचे तर अर्ज, पाहणी, जाहीर सूचना, हरकती आणि बदली लागवड अशी सगळी वहिवाट पार पाडावी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसावृक्षाचा मान मिळाला. थोडक्यात, या अधिनियमाने झाडाला जवळजवळ एखाद्या वादीचा दर्जा दिला आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु कोणते झाड, किती घेराचे, कोणत्या कारणास्तव, याची इतकी बारीक चौकशी करणाऱ्या त्या कलमांत वर कोण जाणार आणि त्याला वर काही झाले तर खाली कोण उतरवणार, हा विषय येत नाही. याचा दोष कायदा करणाऱ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, कारण त्यांनी झाड वाचवण्याचे काम अंगावर घेतले होते, माणूस वाचवण्याचे नव्हे.

माणसाचा विचार करणारा कायदा त्याहून पुष्कळ जुना आहे. १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा अधिनियम, ज्याला २००९ च्या दुरुस्तीनंतर कर्मचारी भरपाई अधिनियम म्हणत आणि जो २०२५ पर्यंत लागू होता, त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात ताडामाडांचा रस काढणारे आणि झाडे तोडणारे यांचा उल्लेख होता, ही गोष्ट फार थोड्या संस्थांच्या कार्यकारी मंडळांना ठाऊक असेल. आपल्याच कामकाजाचा भाग असलेले काम कंत्राटदाराकडून करवून घेणाऱ्या मूळ मालकावरही भरपाईची जबाबदारी येऊ शके, असे त्याच कायद्याच्या बाराव्या कलमात होते. मूळ मालकाने ती रक्कम मागाहून कंत्राटदाराकडून वसूल करावी, पण मजुराच्या कुटुंबाला ‘आधी त्याच्याकडे जा’ असे सांगू नये, हा त्यातला न्याय. तरीही हा कायदा जागा होई तो पंचनामा झाल्यावर. परवाना मिळण्याचा क्षण आणि पंचनामा होण्याचा क्षण यांच्यामध्ये जी काही मिनिटे असतात, ज्यांत मनुष्य जिवंत असतो आणि वाचण्याजोगा असतो, त्या मिनिटांचा धनी मात्र कोणताच कायदा नाही.

वास्तविक झाडावर चढण्याची विद्या या प्रदेशाला नवी नव्हे. ठाणे जिल्ह्याच्या किनारपट्टीवर भंडारी समाजाने माडीचा आणि ताडीचा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या केला. १८८२ साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमधील ठाण्याच्या खंडात त्या व्यवसायाची आणि त्यावरील कराची तपशीलवार हकीकत आहे, आणि १८७८ च्या अबकारी कायद्याने सरकारने त्या झाडांवर किती बारीक नजर ठेवली होती, हेही त्यावरून ध्यानात येते. गोव्यात हेच काम रेंदेर करीत आणि नारळ उतरवण्याचे काम पाडेली करीत. या लोकांपाशी आजच्या अर्थाने सुरक्षेची साधने नव्हती. त्यांची सुरक्षा परिचयात होती. माडी काढणारा रोज त्याच झाडावर सकाळ-संध्याकाळ चढे. कोणती खाच झिजली आहे, कोणत्या माडाचा शेंडा भुंग्याने पोखरला आहे, कोणते खोड पावसाळ्यात शेवाळते, हे त्याच्या तळपायाला माहीत असे. तथापि या परंपरेचा गौरव करताना हात थोडा आखडता घ्यावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कोकणातल्या कोणत्याही जुन्या वाडीत विचारले, तर माडावरून पडून कमरेतून गेलेल्या एका तरी पूर्वजाची आठवण निघते, आणि ती सांगताना कोणी व्यवस्थेला दोष देत नाही. ‘त्याची वेळ आली होती,’ एवढेच म्हणतात.

१९४९ च्या दारूबंदीच्या कायद्यानंतर हा व्यवसाय पूर्वीसारखा उरला नाही, पुढच्या पिढ्या गिरण्यांत, कचेऱ्यांत आणि रेल्वेत गेल्या, आणि परिचयाची ती सुरक्षाही त्यांच्याबरोबर संपली. आज खांद्यावर दोर आणि कमरेला कोयता घेऊन पाचपाखाडीच्या फाटकाशी ‘नारळ काढायचे का?’ असे विचारणारा मनुष्य त्या माडाला वर्षातून एकदा भेटतो. रस्त्यावरचे पर्जन्यवृक्ष छाटणारा रोजंदारीचा मजूर तर त्या विशिष्ट झाडावर जन्मात पहिल्यांदा आणि शेवटचाच चढत असतो.

आणि ही झाडेही पूर्वीची राहिली नाहीत. गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेचा. दोघेही झपाट्याने वाढणारे, पसरट आणि सावली देणारे, म्हणून रस्त्यांच्या कडेला लावले गेले. पण गुलमोहराचे लाकूड ठिसूळ, आणि ज्या रस्त्याच्या कडेला तो उभा आहे, तो रस्ता गेल्या काही वर्षांत खोडापर्यंत सिमेंटने बांधून काढलेला. गटारासाठी एकदा, पाण्याच्या नळासाठी दुसऱ्यांदा, तारांसाठी तिसऱ्यांदा खणले गेले आणि दर खेपेला मुळांचा एक एक पदर तुटला. वरून हिरवेगार दिसणारे झाड आतून पोकळ असू शकते. जुन्या छाटणीच्या जखमेतून पाणी मुरून ढोली तयार झालेली असते, आणि जी फांदी धरून मनुष्य वर चढतो, तिच्या काखेतच ती असते. ढोलीत पोपट असतो तसा कधी नागही असतो. शेंड्याजवळ आग्या मोहोळ असते. आंब्यावर ओंबील मुंग्या असतात, ज्या चावल्या की हात आपोआप सुटतो. शिवाय तारा. या तारांविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

पतनाचे गणित शाळेतल्या पदार्थविज्ञानाचे आहे. १० मीटरवरून, म्हणजे तीन मजल्यांच्या उंचीवरून, सुटलेला देह जेमतेम दीड सेकंदात जमिनीवर येतो आणि त्या क्षणी त्याचा वेग ताशी सुमारे ५० किलोमीटर असतो. म्हणून बांधून घेणे आवश्यक, यात दुमत नाही. सुरक्षापट्टे आणि अंगपट्टे, म्हणजे आज सर्वजण ज्यांना हार्नेस म्हणतात त्यांच्यासाठी, आय. एस. ३५२१ हे भारतीय मानक आहे, शिरस्त्राणासाठी आय. एस. २९२५ आहे, त्या मानकाचा शिक्का पाहूनच वस्तू घ्यावी, आणि केवळ कमरेचा पट्टा घेऊन समाधान मानू नये, कारण त्यावर लोंबकळणाऱ्याचा सारा भार पोटावर आणि बरगड्यांखाली येऊन श्वास कोंडतो. परंतु बहुतेकांचा विचार येथेच थांबतो. पट्टा बांधला, मनुष्य पडला नाही, संकट टळले, असे मानले जाते. खरे पाहता, ज्याला पट्ट्याने धरून ठेवले, त्याच्यासाठी दुसऱ्या संकटाची सुरुवात त्याच क्षणी होते.

उभ्या माणसाच्या पायांतले रक्त वर चढते, ते बव्हंशी पोटऱ्यांच्या स्नायूंच्या हालचालीमुळे. बेशुद्ध झालेला, मार लागून गलितगात्र झालेला, किंवा नुसताच दमून निश्चल लोंबकळत राहिलेला मनुष्य पाय हलवीत नाही. रक्त पायांत साचू लागते, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, घेरी येते, आणि घेरी आलेला मनुष्य जमिनीवर आडवा होतो तसा हा होऊ शकत नाही, कारण पट्टा त्याला उभाच धरून ठेवतो. निसर्गाने घेरी हा जो उपाय योजला आहे, तो येथे व्यर्थ जातो. दोरावर लोंबकळत राहून, बाहेरून फारशी जखम नसतानाही मरण पावलेल्या गिर्यारोहकांची चर्चा १९७२ साली ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे भरलेल्या पर्वतीय बचाव-वैद्यांच्या परिषदेत झाली, आणि तेव्हापासून ही अवस्था वैद्यकाच्या नोंदीत आहे. हे किती वेळात होईल, याचा नेम नाही; काही जणांना काही मिनिटांतच घेरी आल्याचे प्रयोगांत दिसले आहे. त्याच्या उपचाराविषयी मध्यंतरी एक विचित्र समजूत रूढ झाली होती की, अशा माणसाला खाली आणल्यावर आडवे करू नये, बसते ठेवावे. ब्रिटनमध्ये २००९ साली झालेल्या पुराव्यांच्या पुनरीक्षणात या समजुतीला आधार आढळला नाही. बेशुद्ध माणसाला आडवेच करावे, श्वासमार्ग मोकळा ठेवावा, नेहमीचा प्रथमोपचार करावा, असा निर्वाळा मिळाला. जुनी समजूत आपल्याकडील काही प्रशिक्षणवर्गांतून अद्याप ऐकू येते, म्हणून येथे मुद्दाम लिहिले.

आता अग्निशमन दलाकडे वळू. ठाण्यात आणि कल्याण-डोंबिवलीत या दलाच्या जवानांनी पुरात, आगीत आणि कोसळलेल्या इमारतींच्या ढिगाऱ्यांत जे काम केले आहे, त्याविषयी अनादराचा एक शब्दही या लेखणीतून उतरणार नाही; ठाणे महापालिकेच्या आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान मध्यरात्री भर पावसात रस्त्यावर आडवे झालेले वृक्ष बाजूला करताना अनेकांनी पाहिले आहेत. पण डोंबिवलीच्या फडके रस्त्यालगतच्या गल्लीत सायंकाळी सहा वाजता शिडीची गाडी कशी शिरेल, शिरली तर तिचे पाय रोवण्यास जागा कुठे आहे, आणि संस्थेच्या फाटकाच्या कमानीखालून ती आत जाईल का, हे प्रश्न जवानांच्या शौर्याने सुटत नाहीत. साखळीकरवतीची साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर वेगाने फिरते. ती मांडीला लागली, तर मनुष्यापाशी जो वेळ उरतो, तो गाडी केंद्रातून निघण्यालाही पुरणारा नसतो. म्हणून रक्त थांबवण्याची घट्ट पट्टी चढणाऱ्याच्या अंगावरच, एका हाताने काढता येईल अशा जागी असावी. बुंध्याशी ठेवलेली प्रथमोपचाराची पेटी ही खाली उभ्या असलेल्यांच्या समाधानाची वस्तू आहे.

यावरून जो सिद्धांत निघतो, तो साधा आहे : वर चढलेल्याला खाली आणण्याचे सामर्थ्य कामाच्या जागीच, चढण्यापूर्वी, सिद्ध असले पाहिजे. ब्रिटनच्या २००५ च्या उंचीवरील कामाच्या नियमांत कामाच्या नियोजनातच बचावाचे नियोजन अंतर्भूत केले आहे. तेथील वृक्षछाटणीच्या व्यवसायात एकटा मनुष्य चढत नाही, आणि खाली उभ्या असलेल्यांपैकी एक तरी वर जाऊन त्याला उतरवण्यास लायक असावा लागतो. अमेरिकेत झाडावर काम करताना मुलगा गमावलेल्या एका आईच्या आग्रहातून १९६८ मध्ये हालचाल सुरू झाली आणि १९७२ मध्ये या व्यवसायाचे पहिले राष्ट्रीय सुरक्षा-मानक तयार झाले. १९७६ पासून तेथे वृक्षारोहकांच्या स्पर्धा भरतात आणि त्यांत जखमी सहकाऱ्याला झाडावरून उतरवण्याची स्वतंत्र कसोटी असते. माणसाऐवजी वर पुतळा बांधलेला असतो. स्पर्धकाने वर जाऊन, त्याची स्थिती पाहून, त्याला आपल्या दोरावर घेऊन, इजा न वाढवता खाली आणावयाचे असते. मजुरीच्या कामातली कुशलता अशी खेळाच्या मैदानावर आणली की ती शिकण्याची लाज वाटत नाही, हा त्यातला लाभ आपल्याकडे फारसा कोणाच्या ध्यानात आलेला नाही.

प्रत्यक्ष व्यवस्थेपैकी दोन गोष्टींचा येथे निर्देश करतो. बाकीचे पुढील प्रकरणांत आहे. पहिली गोष्ट दुसऱ्या दोराची. चढणारा वर पोहोचला की त्याने आपल्या दोराखेरीज एक मोकळा दोर भक्कम फांदीवरून खाली सोडून ठेवावा, म्हणजे बचावासाठी जाणाऱ्याला खोडाला मिठी मारीत वर जावे लागणार नाही. अंगपट्ट्याचा दुसरा जोड आणि दोरावर सरकणाऱ्या व भार पडताच आवळणाऱ्या गाठीचे तुकडे बुंध्याशी तयार असावेत. ही गाठ ऑस्ट्रियातील प्रुसिक यांनी १९३१ मध्ये मांडली, आणि आज सह्याद्रीत दोर लावणाऱ्या प्रत्येक मुलाला ती येते. दुसरी गोष्ट अशी की, जेथे शक्य असेल तेथे चढणाऱ्याचा मुख्य दोर वरच्या फांदीला कायमचा न बांधता फांदीवरून घेऊन खाली बुंध्याशी, भार असतानाही सैल करता येईल अशा साधनात अडकवावा. मग वरचा मनुष्य निश्चेष्ट झाला, तरी खालचा मनुष्य विहिरीत घागर सोडावी तसा त्याला हळूहळू जमिनीवर सोडू शकतो, वर कोणालाच जावे लागत नाही. या पद्धतीत वरच्या फांदीवर जवळजवळ दुप्पट भार येतो आणि बुंध्यावरच्या दोराला करवत लागण्याचे भय असते, ही तिची उणीवही सांगितली पाहिजे. माडाला फांदीच नाही, म्हणून त्याची गोष्ट निराळी. केरळातील चेंबेरीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पायांच्या यंत्राने माडावर चढणे पुष्कळ सुलभ झाले, नारळ विकास मंडळाने २०११ पासून माडावर चढणाऱ्यांचे प्रशिक्षण आणि विमा यांची सांगड घातली, आणि त्या मंडळाचे महाराष्ट्रातील कार्यालय ठाण्यातच आहे. परंतु ते यंत्र वर अडकले, तर खालून उपाय नाही, एवढ्यासाठी यंत्राचा दुसरा जोड आणि तो चालवणारा दुसरा मनुष्य जवळ असल्याशिवाय माडावर चढू नये.

विजेविषयी थोडे स्पष्ट लिहितो. झाडावरचा मनुष्य तारेला चिकटला, तर त्याच्याकडे धावून जाणारा हा बचाव करणारा राहत नाही, दुसरा बळी होतो; ओले लाकूड वीज वाहून नेते, आणि बांबूची शिडी ही सुरक्षित असते, हा पावसाळ्यातला भ्रम आहे. म्हणून तारांजवळचे काम लाइन बंद करवून, तशी लेखी परवानगी हाती आल्यावर, वायरमनने तार जमिनीशी जोडल्यावरच सुरू करावे. ‘लाइट गेलेली आहे’ हे वीज बंद असल्याचे प्रमाण नव्हे. शेजारच्या इमारतीचा जनरेटर चुकीच्या जोडणीने तीच तार उलट बाजूने जिवंत करू शकतो. कोणाला दूरध्वनी करायचा, हेही आधी ठरलेले असावे : ठाणे, डोंबिवली आणि कल्याण येथे महावितरण, पण कळवा, मुंब्रा आणि शीळ भागात २०२० पासून वितरणाचे काम टोरंट कंपनीकडे आहे, आणि चुकीच्या ठिकाणी केलेला दूरध्वनी हा अपघातात फार महाग पडतो. ठाकुर्ली-कल्याण पट्ट्यात रुळांलगतच्या झाडांवर तर रेल्वेच्या संमतीवाचून कोयताही उचलू नये; तेथील तारेत २५ हजार व्होल्ट असतात, आणि ती धक्का देण्यासाठी स्पर्शाची वाट पाहत नाही.

हे सर्व वाचून कोणी म्हणेल की, ही परदेशी थेरे येथे कशी चालायची. त्याने गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी ठाण्यात यावे. २०१२ साली याच नगरात जय जवान या गोविंदा पथकाने नऊ थर लावले. २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने थरांच्या उंचीवर आणि गोविंदांच्या वयावर निर्बंध घातले, वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, त्यावर रस्तोरस्ती चर्चा झाली. आणि आज मोठ्या हंड्यांच्या ठिकाणी सर्वांत वरच्या गोविंदाच्या अंगावर पट्टा, डोक्यावर शिरस्त्राण आणि वर क्रेनला बांधलेला दोर दिसतो, खाली रुग्णवाहिका उभी असते, आणि २०२२ मध्ये शासनाने गोविंदाचा मृत्यू झाल्यास कुटुंबाला १० लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले. नऊ थरांहून उंच माड नौपाड्यात आजही उभे आहेत. जे नगर एका दिवसाच्या उत्सवासाठी एवढा बंदोबस्त करू शकते, त्याला वर्षभराच्या मजुरीसाठी तो अशक्य आहे, हे म्हणणे पटण्याजोगे नाही. दुसरे असे की, दोराची विद्या शिकण्यासाठी आपणांस दूर जावयाचे नाही. मुंब्र्याच्या कातळांवर ठाणे आणि डोंबिवलीच्या तरुणांच्या पिढ्या प्रस्तरारोहण शिकल्या. जीवधनच्या वानरलिंगीवर दोर लावणारे, दरीत पडलेल्या पदयात्रींना रात्रभर खपून वर काढणारे लोक याच उपनगरी गाड्यांतून सोमवारी कचेरीला जातात. तो मजूर आणि हा गिर्यारोहक एकाच फलाटावर उभे असतात; एकाला उंचीवर पोट भरावे लागते आणि दुसऱ्याला उंचीवरून उतरवण्याची कला अवगत असते, पण त्यांची ओळख करून देणारा कोणी नाही. गिर्यारोहण संस्थांनी चैत्रात, कंत्राटे सुटण्यापूर्वी, दोन दिवसांचा वर्ग छाटणीच्या मजुरांसाठी भरवावा, आणि महापालिकेने त्या दोन दिवसांची हजेरी मस्टरवर लावून मजुरी द्यावी, अशी सूचना येथे करतो. मजुरी बुडवून शिकायला या, असे सांगणे ही थट्टा होईल.

पैशाचा प्रश्न टाळून चालणार नाही. छाटणीचे काम प्रतिझाड दराने, सर्वांत कमी दर देणाऱ्याकडे जाते, आणि कमी दर देणारा प्रथम काय कमी करतो, हे सांगण्यास अर्थशास्त्री लागत नाही. खाली नुसता उभा असलेला, प्रशिक्षित, बचावासाठी राखून ठेवलेला मनुष्य हा कंत्राटदाराच्या हिशेबात निकम्मा असतो, कारण तो एकही फांदी तोडत नाही. म्हणून त्याची मजुरी आणि बचावाच्या साहित्याचे भाडे यांची बाब अंदाजपत्रकात स्वतंत्र, ठरावीक रकमेची असावी, तिच्यावर स्पर्धा होऊ देऊ नये, आणि तो मनुष्य जागेवर हजर नसेल, त्या दिवसाचे सर्वच देयक अडवावे. कागदोपत्री ‘सुरक्षेची सर्व जबाबदारी कंत्राटदाराची राहील’ हे वाक्य लिहून दप्तर बंद करण्याची जी प्रथा आहे, तिने आजवर एकही मनुष्य झाडावरून खाली उतरलेला नाही.

पुस्तिकेच्या रचनेविषयी इतकेच की, ती मुकादमाने मोठ्याने वाचून दाखवावी, अशा भाषेत पुढील प्रकरणे लिहिली आहेत. या प्रस्तावनेची भाषा तेथे नाही. झाडाची पाहणी, दोर आणि गाठी, वर-खाली द्यावयाच्या हाका, बचावाचे प्रसंग आणि प्रथमोपचार असा क्रम आहे. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी आकृत्या आहेत.

अखेरीस गृहनिर्माण संस्थांच्या चिटणिसांना एक विनंती. शेवटच्या पानावर एक तक्ता कोरा ठेवला आहे. त्यात आज चढणाऱ्याचे नाव, त्याला उतरवणाऱ्याचे नाव, फाटकाच्या किल्लीचा धनी, वीज बंद करणाऱ्याचा दूरध्वनी, १०१, १०८ आणि ११२ हे क्रमांक, आणि कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई किंवा डोंबिवलीचे शास्त्रीनगर यांपैकी जवळचे रुग्णालय, एवढे भरावयाचे आहे. दुसऱ्या रकान्यात लिहिण्यास नाव सापडले नाही, तर त्या दिवशी काम सुरू करू देऊ नये. तक्ता फाडून घेता यावा म्हणून त्या पानाला छिद्रांची रेघ मारलेली आहे. पुस्तक खराब होईल, हा संकोच बाळगू नये.